इतिहासात पीएचडी: लघुप्रबंध मराठीत, साधनं मोडीत, अर्ज अमेरिकेत. कुठून सुरुवात करावी?

महजर

नमस्कार मंडळी. पुण्यातून मराठी माध्यमात इतिहासाचं एमए पूर्ण झालं आहे. लघुप्रबंध अठराव्या शतकातल्या जुन्नर प्रांतातल्या पाटीलकीच्या तंट्यांवर आहे. साधारण ११० पानं, सगळं मराठीत, पेशवे दप्तरातल्या साठेक मोडी कागदांच्या आधारे. येत्या डिसेंबरात अमेरिकेतल्या पीएचडीला अर्ज करायचे आहेत.

अडलेल्या गोष्टी अशा: एसओपी (अर्जासोबतचं उद्देश-निवेदन) नेमकं कशाबद्दल लिहायचं? इंग्रजी लेखननमुना मागतात, तर लघुप्रबंधाचं भाषांतर करून द्यावं का? शिफारसपत्रं कोणाकडून घ्यावीत? प्राध्यापकांना आधी मेल करावा का? आणि हे जमलं नाही तर इथे काय मार्ग आहेत? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

रोजकीर्द

ऑगस्ट संपत आलाय, म्हणजे हातात साडेतीन महिने आहेत. तेवढे पुरतात, पण कामांचा क्रम चुकला तर कमी पडतात.

बहुतेक इतिहास विभागांची शेवटची तारीख १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान असते. वेळ तिकडची धरतात. पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे ११:५९ म्हणजे डिसेंबरात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९. तरी शेवटच्या दिवसावर काही ठेवू नका, आठवडाभर आधी अर्ज भरून मोकळे व्हा. शिफारसपत्रं मागाहून आली तर बऱ्याच ठिकाणी चालतं, तुमचा अर्ज मागाहून आला तर कुठेच चालत नाही.

आता एसओपी. मर्यादा बहुधा १००० शब्द किंवा दोन पानांची असते. मराठी विद्यार्थ्यांची पहिली चूक इथेच होते: पहिला परिच्छेद लहानपणी पाहिलेल्या किल्ल्यांवर आणि शिवचरित्राच्या ओढीवर खर्च होतो. ती ओढ खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण वाचणाऱ्या समितीला एवढंच पाहायचं असतं की या माणसाला इतिहासाचा प्रश्न विचारता येतो का, त्याची साधनं त्याला माहीत आहेत का आणि ती त्याला वाचता येतात का. घरची परिस्थिती, शिक्षणाचा प्रवास यांसाठी बरीच विद्यापीठं वेगळं वैयक्तिक निवेदन मागतात. ते सगळं तिकडे जाऊ दे.

सुरुवात थेट प्रश्नाने करा. उदाहरणार्थ: गोतसभेत (गावकऱ्यांच्या न्यायसभेत) एकदा निवाडा झालेला पाटीलकीचा तंटा वीस-तीस वर्षांनी पुन्हा हुजुरात, म्हणजे पेशव्यांपुढे, का येतो, आणि तिथे जुन्या महजराला (सभेच्या साक्षींसह केलेल्या निवाड्याच्या कागदाला) किती वजन मिळतं? हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. ‘मला मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेचा अभ्यास करायचा आहे’ हा नुसता विषय झाला.

समितीत दक्षिण आशियाचा अभ्यासक एखादाच असतो. बाकीचे चीन, लॅटिन अमेरिका, मध्ययुगीन युरोप यांवर काम करणारे. त्यामुळे पाटीलकी म्हणजे काय ते एका वाक्यात सांगायचं आणि लगेच त्यांच्या ओळखीच्या मोठ्या प्रश्नाशी जोडायचं: स्थानिक न्याय आणि राज्यसत्ता यांचा संबंध, वंशपरंपरागत हक्काला मालमत्ता म्हणावं का, तोंडी साक्षीच्या समाजात कागद पुरावा कसा ठरतो. यांतला एकच धागा धरा. तीन धरले की एकही पेलला जात नाही.

दुसऱ्या परिच्छेदात साधनं. इथे तुमची बाजू भक्कम आहे आणि नेमकी तीच लोक अर्ध्या ओळीत उरकतात. पेशवे दप्तरातल्या कोणत्या विभागाचे कागद पाहिले (घडणी, जमाव, रोजकीर्द, प्रांत अजमास), किती रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) चाळले, कोणत्या प्रकारचे कागद मिळाले (महजर, निवाडपत्र, कतबा, थळपत्र), त्यांत काय सापडत नाही, हे सगळं लिहा. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ छापील खंड कुणीही ग्रंथालयातून काढून वाचू शकतो. रुमालात पडलेला न छापलेला कागद वाचणारे अर्जदार फार थोडे असतात.

तिसऱ्यात आधीच्या अभ्यासकांशी तुमचा संवाद. सुमित गुहा, रोझलिंड ओ’हॅन्लन, प्राची देशपांडे यांनी लेखनिक, न्यायसभा, कागद आणि स्मृती यांवर काम केलेलं आहे. ‘यावर कोणी काम केलेलं नाही’ हे वाक्य अर्जात कधीही लिहू नका, ते बहुतेक वेळा चुकीचंच निघतं. कोणाच्या कोणत्या मुद्द्यापर्यंत तुम्ही येता आणि तुमचे कागद तिथून पुढे काय दाखवतात, ते लिहा.

शेवटचा परिच्छेद प्रत्येक विद्यापीठाला वेगळा. नुसती प्राध्यापकांची नावं ओळीने देऊन भागत नाही. अमुक व्यक्तीच्या कामातली अमुक पद्धत मला माझ्या कागदांसाठी का लागते, असं लिहायचं. दोन-तीन नावं पुरेत, पण त्यांत एखादं दक्षिण आशियाबाहेरचं असावं: ऑटोमन कायद्याचा इतिहासकार, नाहीतर आरंभीच्या आधुनिक युरोपातल्या दप्तरखान्यांवर काम करणारा. ज्या विभागात तुमच्या विषयाचा एकच माणूस आहे तिथला अर्ज जोखमीचा समजा. तो माणूस निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला की पाच-सहा वर्षं मार्गदर्शक शोधण्यात जातात.

तळटीप

लेखननमुन्याबद्दल.

११० पानांचं भाषांतर करू नका. बहुतेक ठिकाणी २० ते २५ पानं मागतात, दोन ओळींत अंतर सोडून. म्हणजे साधारण सहा ते साडेसात हजार शब्द. तळटीपा त्यात धरायच्या की नाही ते प्रत्येक विभाग वेगळं सांगतो. मर्यादा ओलांडली तर पुढची पानं वाचलीच जात नाहीत, असं गृहीत धरा.

आपल्याकडच्या लघुप्रबंधाची बांधणी या कामाला चालत नाही, हे खरं दुखणं आहे. पहिलं प्रकरण भौगोलिक पार्श्वभूमी, दुसरं राजकीय पार्श्वभूमी, तिसरं वतनसंस्थेचा परिचय, आणि तुमचा स्वतःचा शोध चौथ्या प्रकरणात, तोही उताऱ्यांमागून उतारे. याचं इंग्रजी कितीही चांगलं केलं तरी पहिल्या पंधरा पानांत तुमचं स्वतःचं काही दिसत नाही.

म्हणून एकच तंटा किंवा फार तर तीन तंटे निवडा आणि त्यांवर नव्याने इंग्रजीत लेख लिहा. पहिल्या दोन पानांत प्रश्न आणि तुमचं म्हणणं येऊ दे. मग एक कागद घ्या आणि तो उलगडून दाखवा: कोण बोलतंय, कोणासमोर, कोणत्या हाताने लिहिलंय, कोणत्या ठिकाणी भाषा ठरीव साच्याची आहे आणि कोणत्या ठिकाणी साचा मोडतो. महजराखालच्या साक्षी आणि निशाण्या (पाटलाचा नांगर, सुताराची किकरं-वाकस) यांवरूनही बरंच बोलता येतं. एका कागदाचं मोडीवरून केलेलं लिप्यंतर आणि त्याचं इंग्रजी भाषांतर परिशिष्टात जोडा, एक पान फार तर दीड. भाषा येते हे वेगळं सिद्ध करायला लागत नाही.

तळटीपा शिकागो पद्धतीच्या. दप्तरखान्याचं नाव, विभाग, रुमाल क्रमांक, पुडके क्रमांक, तारीख, हा क्रम सगळीकडे सारखा ठेवा. मराठी शब्दांचं रोमन लेखनही एकच एक हवं. एका पानावर पाटील एका स्पेलिंगने आणि पुढच्या पानावर दुसऱ्या, हे समितीच्या नजरेत लगेच भरतं.

लघुप्रबंधातला भाग घेतलाच तर सुरुवातीला पाच-सहा ओळींची टीप द्या: मूळ काम कोणत्या भाषेत आणि किती मोठं होतं, हा त्यातला कोणता भाग, इंग्रजी कोणी केलं. दुसऱ्याने भाषांतर केलं असेल तर ते सांगायलाच हवं. पण तशी वेळ येऊ देऊ नका. तुमचं इंग्रजी थोडं खडबडीत असलं तरी चालेल, युक्तिवाद तुमच्या हातचा हवा.

सुहूरसन

तळटीप यांना अनुमोदन, आणि तारखांबद्दल एक भर.

मोडी कागदांवर बहुतेक वेळा सुहूर सन असतो, अरबी संख्यानामांत लिहिलेला. ‘सन अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर, हजार: ११७४. सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. त्यामुळे जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेअखेरच्या कागदाला ६००. म्हणजे सुहूर ११७४ म्हणजे १७७३-७४. सरसकट ६०० मिळवणाऱ्यांची अर्ध्या वर्षाच्या कागदांत एका वर्षाची चूक होते. ११७४ च्या भाद्रपदातला कागद १७७४ चा धरला तर नारायणरावांच्या खुनाच्या वेळचा कागद वर्षभर पुढे जातो आणि तंट्याच्या मागचं राजकारणच बदलतं. फसली सनाची बेरीज वेगळी, ५९०-५९१. लेखात मूळ सन आणि इसवी सन दोन्ही द्या.

सीव्हीत ‘मोडी येते’ एवढंच लिहू नका. ‘अठराव्या शतकातले दप्तरी वळणाचे कागद स्वतंत्रपणे वाचता येतात, सतराव्या शतकातले मदतीने’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला पातळी कळते. फारसीला सुरुवात केली असेल तर किती महिने आणि कुठे, तेही. या काळासाठी फारसीचा उपयोग मोठा आहे. वसई किंवा गोव्याच्या बाजूचं काम असतं तर पोर्तुगीज सुचवली असती, कारण पणजीच्या दप्तरखान्यातल्या पोर्तुगीज कागदांत मराठ्यांशी झालेला व्यवहार भरपूर आहे. जुन्नरसाठी फारसीच.

महजर

खूप आभार. लेखननमुन्याबद्दलचं वाचून दिशा मिळाली, एकच तंटा निवडते. शिफारसपत्रांचं मात्र अजून अवघड वाटतंय. मार्गदर्शक सर तयार आहेत, पण म्हणतात ‘तूच लिहून आण, मी सही करतो’. प्राचार्यांचं पत्र घ्यावं का? आणि गुणपत्रिकांवर नाव आडनाव आधी, मग माझं, वडिलांचं, आईचं असं आहे. पासपोर्टवर वेगळं आहे. याने अडचण येईल का?

रोजकीर्द

प्राचार्यांनी तुम्हाला शिकवलं नसेल तर ते पत्र घेऊ नका. पदाला तिथे काही किंमत नाही. तीन पत्रं हवीत: एक मार्गदर्शकांचं, एक ज्यांच्याकडे एमएचा पेपर केला त्यांचं, तिसरं ज्यांनी तुम्हाला मोडी कागद वाचताना पाहिलंय त्यांचं. दप्तरखान्यातले किंवा भारत इतिहास संशोधक मंडळातले एखादे ज्येष्ठ अभ्यासक तुमचं वाचन जवळून जाणत असतील तर तिसऱ्या पत्राला चालतील.

‘तूच लिहून आण’ हे आपल्याकडे सर्रास चालतं, सरांचा हेतूही वाईट नसतो. पण तीनही पत्रं एकाच हातची असली की वाक्यांच्या वळणावरून ओळखू येतात, आणि मग चांगला अर्जही संशयात सापडतो. शिवाय स्वतःबद्दल लिहिताना माणूस नेमकं काही लिहीत नाही, ‘मेहनती व प्रामाणिक विद्यार्थिनी’ यावर येऊन थांबतो. सरांना आदराने सांगा की पत्र त्यांच्या शब्दांतच लागतं, आणि त्यांचं काम हलकं करून द्या. एक दोन पानी टिपण तयार करा: कोणता पेपर, कोणत्या वर्षी, किती गुण, लघुप्रबंधात कोणता कागद तुम्ही नव्याने वाचलात, कोणत्या मुद्द्यावर सरांशी चर्चा होऊन मत बदललं. सोबत एसओपीचा मसुदा आणि सगळ्या विद्यापीठांच्या तारखांचा एकच तक्ता. सरांना इंग्रजीत लिहिणं अवघड जात असेल तर त्यांनी मराठीत लिहावं, इंग्रजी दुसऱ्या प्राध्यापकांकडून करून घ्यावं आणि पत्रात तसं नमूद करावं.

पत्र कागदावर जात नाही. अर्जात त्यांचा ईमेल भरला की पोर्टलकडून त्यांना दुवा जातो आणि तो हमखास स्पॅममध्ये पडतो. महाविद्यालयाचा ईमेल असेल तर तोच द्या. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुवे पाठवा, दिवाळीच्या सुट्ट्या आणि सत्र परीक्षा बघून. ‘पत्र पाहण्याचा हक्क सोडता का’ असं अर्जात विचारतात, तिथे ‘हो’ म्हणा. नाही म्हटलं की पत्राचं वजन कमी होतं.

नाव: अर्ज आणि इंग्रजीची परीक्षा दोन्ही पासपोर्टवरच्या नावाने. ‘इतर नावे’ असा रकाना असतो, त्यात गुणपत्रिकेवरचं नाव जसंच्या तसं भरा. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ही पद्धत तिकडच्या कचेऱ्यांना नवीन नाही. मात्र पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्या, व्हिसाच्या वेळी फार त्रास होतो.

विद्यापीठाकडे ट्रान्स्क्रिप्टचा (सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज याच महिन्यात टाका. अर्जाच्या वेळी बहुतेक ठिकाणी स्कॅन चालतो, मोहोरबंद प्रत प्रवेश मिळाल्यावर मागतात. गुणांचं चारच्या श्रेणीत रूपांतर स्वतः करू नका, आहेत तसे द्या.

तळटीप

राहिलेलं थोडक्यात. बऱ्याच इतिहास विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा काढून टाकली आहे. विभागाचं पान पाहा, विद्यापीठाच्या सामान्य पानावर जुनं असू शकतं. एमए मराठी माध्यमातलं, म्हणजे टोफेल किंवा आयईएलटीएस द्यावीच लागेल. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरका, म्हणजे कमी गुण आले तर पुन्हा द्यायला वेळ राहतो.

प्राध्यापकांना मेल करा, सप्टेंबरात, दीडशे शब्दांचा: प्रश्न, साधनं, भाषा, आणि ‘पुढच्या वर्षी नवे विद्यार्थी घेणार आहात का’. लघुप्रबंध जोडू नका. उत्तर आलं नाही तर तो नकार समजू नका. इंग्लंडचं गणित वेगळं आहे. तिथे आधी संशोधन आराखडा लागतो, मार्गदर्शक जवळजवळ ठरलेला लागतो आणि शिष्यवृत्ती वेगळी मिळवावी लागते.

इतिहास विभागाशिवाय शिकागो, पेनसिल्व्हेनिया इथले दक्षिण आशियाचे स्वतंत्र विभाग आणि कोलंबियाचा मध्यपूर्व, दक्षिण आशिया व आफ्रिका यांचा एकत्र विभागही बघा. तिथे भाषेला आणि मूळ ग्रंथ-कागदांच्या वाचनाला जास्त मान आहे. पण पुढे इतिहासाच्याच नोकरीसाठी जायचं असेल तर इतिहास विभागातली पीएचडी सोयीची पडते. २०२५ मध्ये शिकागोसह काही विद्यापीठांनी मानव्यविद्यांतल्या पीएचडीच्या जागा कमी केल्या, काही कार्यक्रमांची भरती वर्षापुरती थांबवली. तेव्हा यंदा भरती आहे का, हे विभागाला लेखी विचारून मगच फी भरा. फी साधारण ७५ ते १२५ डॉलर. आठ अर्ज म्हणजे ६०० ते १००० डॉलर, रुपयांत ही मोठी रक्कम आहे. फीमाफी काही विद्यापीठं परदेशी अर्जदारांनाही देतात, ती किमान दोन-तीन आठवडे आधी मागावी लागते. सहा नीट केलेले अर्ज बारा घाईच्या अर्जांपेक्षा बरे.

घडणी

इथल्या मार्गांबद्दल लिहितो, कारण तिकडचे अर्ज चालू असतानाच हेही करता येतं.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला एमएला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत. कालावधी किमान तीन वर्षं, कमाल सहा. एमफिल बंद झालं. जून २०२४ पासून नेटचे (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे) तीन निकाल लागतात: जेआरएफसह (संशोधनाच्या अधिछात्रवृत्तीसह), फक्त सहायक प्राध्यापक आणि पीएचडी, किंवा फक्त पीएचडी. नंतरच्या दोन गटांत प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. जेआरएफ महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. इतिहासाची नेट मराठीतून नसते, इंग्रजी किंवा हिंदी. सेट, म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा, मराठीतून देता येते, पण तिच्यावर जेआरएफ मिळत नाही. सेट झालेल्यांना राज्यातल्या विद्यापीठांच्या पेटमधून (पीएचडी प्रवेश परीक्षेतून) बहुतेक ठिकाणी सूट असते.

इथे खरी अडचण मार्गदर्शकाची जागा. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चार विद्यार्थी इतकीच मुभा आहे, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून परीक्षेआधीच रिक्त जागांची यादी पाहा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या त्या त्या प्रवर्गासाठी आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

परदेशासाठी सरकारी पैसा धरून चालणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. ज्या मुलांना आपल्याच समाजाचा इतिहास लिहायचा आहे त्यांचा रस्ता यामुळे अडतो, आणि हे फार वाईट झालं. चालू वर्षाची जाहिरात शब्दन् शब्द वाचा, मगच त्यावर विसंबा.

महजर

हे सगळं छापून भिंतीवर लावते. शेवटचं: समजा एखाद्या विद्यापीठाकडून होकार आला, तर काय तपासून हो म्हणायचं?

रोजकीर्द

काही विभाग जानेवारी-फेब्रुवारीत व्हिडिओवर मुलाखत घेतात. निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये. बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक साहाय्यासह आलेल्या होकारावर १५ एप्रिलपर्यंत विचार करता येतो, त्याआधी कोणी घाई केली तर नम्रपणे ही तारीख सांगा.

पत्रात पाहायचं ते असं. फी माफ आहे का. विद्यावेतन ९ महिन्यांचं की १२. नऊचं असेल तर उन्हाळ्यात काय? विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय विद्यापीठाबाहेर काम करता येत नाही. किती वर्षांची हमी, पाच की सहा. आरोग्यविमा कोण भरतं. शिकवण्याचं काम कोणत्या वर्षापासून आणि आठवड्याला किती तास. आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं: दप्तरखान्यात बसायला पुण्यात वर्षभर यावं लागेल, त्या वर्षी विद्यावेतन चालू राहतं का? फुलब्राइट-हेज या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीचा पैसा अमेरिकी नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांनाच मिळतो. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजची पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठीची अधिछात्रवृत्ती तिथल्या विद्यापीठात नोंदणी असलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मागता येते.

विभागात सध्या शिकणाऱ्या दोन-तीन जणांशी बोला, त्यांचे पत्ते विभागच देतो. मार्गदर्शक मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात आणि त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, हे दोन प्रश्न विचारायला संकोच करू नका.

जुन्नरचा जो तंटा निवडाल त्याचं पहिलं पान इथे टाकलंत तर वाचून सांगू.